माझ्यानंतर चार

गुरुवार, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

नमस्कार. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. सोबतचं निवेदन मिळालं, आणि तिकीट लावलेला, तुझाच पत्ता घातलेला परतीचा लिफाफाही मिळाला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली आहेस. तू निवृत्त झालास, तुझ्यातला पी.टी.चा मास्तर झालेला दिसत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. दोन ट्रकांच्या ताडपत्र्या शिवून झाल्या. एका शाळेच्या पटांगणावर छत हवं आहे, त्याचं माप परवा घेऊन आले. खोकला गेला. उजवा अंगठा अजून दुखतो. जाड कॅनव्हासमधून दिवसभर दाभण ओढायचं, त्याला तरी किती बोल लावायचा. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी फोनवर म्हणाली, रविवारपासून तू सकाळी फिरायला गेलेला नाहीस. जात जा.

तुझ्या नातीला, टिल्लीला, ताप आला नाही हे ऐकून बरं वाटलं. सध्या ती घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर उताणी पडून छताकडे बघत बसते म्हणे. तुझ्या सुनेला त्याची काळजी वाटते. तिला सांग, काळजीचं काही नाही. त्याचं कारण मी आहे, ते पुढे लिहीन.

अक्काचाही फोन आला होता. तिला अजून रविवारच्या उद्यानातल्या त्या डोलणाऱ्या होडीचंच अप्रूप आहे. होडीत बसायच्या आधी तिने कवळी काढून वहिनीच्या पर्समध्ये ठेवली, आणि होडी वर गेली तेव्हा ती असं काही हसली की समोरच्या बाकावरचं एक पोर घाबरून रडायला लागलं. भावजी म्हणाले, चाळीस वर्षांत हिला असं हसताना पाहिलं नाही. अक्का म्हणाली, चाळीस वर्षांत तुम्ही होडीत कधी बसवलंत?

दिवस चांगला गेला होता, दादा. हे मला आधी लिहून ठेवायचं आहे, कारण तुझ्या निवेदनात तो दिवस दुपारी साडेतीनला सुरू होतो. तो सकाळी दहाला सुरू झाला होता. टकरीच्या गाड्यांमध्ये तू अक्काच्या जावयाला कोपऱ्यात गाठून सहा वेळा धडक मारलीस, आणि तो बिचारा दर वेळी तुला सॉरी म्हणत होता. जिराफाला पाला भरवताना त्याची जांभळी जीभ तुझ्या मनगटाला लागली. तू रुमालाने मनगट पुसलंस, रुमालाची नीट घडी केलीस, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलास. मी पाहत होते. तुला असं कोणी पाहिलेलं आवडत नाही, म्हणून तेव्हा बोलले नाही.

आता निवेदन.

मी ते तीनदा वाचलं. ‘बस सुटण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाने रीतसर मोजणी केली होती व संख्या बरोबर आली होती. संबंधित महिला चालकाने मुलगी बसमध्ये असल्याची खात्री न करता बस सोडली. प्रवाशांनी वारंवार विनंती करूनही बस थांबवली नाही. सबब सदर चालकास कामावरून दूर करावे.’ भाषा चोख आहे. खाली माझं नाव आणि पेन्सिलची फुली. पास माझ्या नावावर होते, म्हणून उद्यानाच्या व्यवस्थापकांनी लेखी म्हणणं माझ्याकडे मागितलं आहे, तुझ्याकडे नाही, हे तू बरोबर हेरलंस. सोमवारी अकरा वाजता ते निर्णय घेणार आहेत.

मी सही करणार नाही.

हे एका ओळीत सांगून पत्र संपवता आलं असतं. पण तुझं माझं एका ओळीत भागेल असं काही उरलेलं नाही.

‘संबंधित महिला चालक’ हे शब्द लिहिताना तुझा हात थांबला होता का? कागदावर तसं कुठे दिसत नाही. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, एका बैठकीत लिहून काढलं.

मोजणीबद्दल बोलायचा हक्क मला आहे, कारण ती माझ्यामुळे सुरू झाली. मी सात वर्षांची होते, तू चौदा वर्षांचा. प्रदर्शनात मी हरवले आणि तासाभराने एका पंप विकणाऱ्या माणसाच्या टेबलाखाली सापडले. त्या दिवशी घरी यायच्या आधी तू आम्हा भावंडांना फाटकापाशी ओळीत उभं केलंस. तू एक. अक्का दोन. मी तीन. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती, आणि चार हा आपला स्वतःचा आकडा आहे, वयही आणि नंबरही, याचा तिला केवढा तोरा होता. पुढच्या वर्षी ती पाच वर्षांची झाली, तेव्हा नंबरही वाढवून द्या म्हणून रडली होती. आठवतं?

पुढे घर वाढलं तशी ओळ वाढली. तुझी शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथून मागच्याच्या पुढचा आकडा म्हणायचा. कोणी कोणाकडे बघायचं नाही, वेळ जातो. शेवटचा आकडा बरोबर आला की दुसरी शिट्टी. बाहेरची माणसं हसायची आपल्याला. मला कधी हसू आलं नाही. मी टेबलाखाली बसलेली होते.

आणि नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाला निघताना, तुझ्या दारात, आपण सगळे कपडे करून उभे असताना तू वहिनीला म्हणालास, आजपासून चार तू. कारण सांगितलं नाहीस. सगळ्यांना माहीत होतं. मी तीन म्हटलं आणि वहिनीने चार म्हटलं, कोणाच्या तरी चपलेत पाय घालावा तसं. मग भावजी पाच, आणि सगळे एकेक पायरी खाली सरकले. ओळीत भोक राहिलं नाही. मी मापाची माणूस आहे, दादा. कापड मधून एक पट्टा काढून पुन्हा शिवलं की ते छोटं होतं. आपण एकाने कमी झालो होतो आणि तू शिट्टी वाजवलीस.

पास बारा होते, माणसं अकरा. व्यवस्थापकांनी मला विचारलं होतं, घरात माणसं किती. त्यांच्या घोड्यांच्या चक्रीचं छत मी शिवलं, ते त्यांना आवडलं, म्हणून ही भेट होती. मी बारा सांगितलं. फाटकावर तू विचारलंस, हा एक जास्तीचा कसा? मी म्हटलं, उरला.

साडेतीनची बस कोण चालवतं हे मला माहीत होतं.

धाकटीला तिथे नोकरी लागून चार वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिची सुट्टी असते आणि ती दुकानात येते. नऊ वर्षांत एक महिना चुकलेला नाही. ताडपत्र्यांच्या भोकांना पितळी रिंगा ठोकून देते, चहा पिते, तुम्हा सगळ्यांबद्दल विचारते. तुझ्याबद्दल शेवटी विचारते आणि उभी राहून विचारते, म्हणजे उत्तर ऐकून लगेच जाता यावं. तुम्ही येणार असं मी सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘आण त्यांना. मी आरशातून बघीन. टिल्लीला तर मी पाहिलेलंच नाही.’

म्हणून मी तुम्हाला साडेतीनच्या बसला नेलं. तीनची बस रिकामी उभी होती. तुला पाय मोकळे करायचे होते म्हणून नाही आपण थांबलो. मी उसाच्या रसाच्या टपरीवर मुद्दाम वेळ काढला.

त्या वेळात टिल्ली माझ्यापाशी होती. घोड्यांचं छत मी शिवलं हे तिला खरं वाटत नव्हतं. मी सांगितलं, छताच्या आतल्या बाजूला मधोमध मी कापडाचा एक छोटा मासा शिवला आहे, माझ्या कामाची खूण. उभं राहून दिसत नाही, उताणं झोपावं लागतं. एवढं बोलले, आणि तुझी हाक आली, चला बसकडे.

आता बसमध्ये काय झालं ते मी लिहिते. तूही तिथेच होतास, तरी वाच.

आपल्यासोबत दुसरी दोन कुटुंबं होती. जागा मिळेल तसे आपण पांगलो. तू दारापाशी. मी चालकाच्या मागची सीट धरली. वहिनी माझ्या मागे. मुलगा आणि सून पार शेवटी. वहिनीला वाटलं टिल्ली आईजवळ आहे, सुनेला वाटलं आजीजवळ आहे. चालकाने टोपी घातली होती आणि धुळीसाठी नाकावर रुमाल बांधला होता. तू चढताना तिच्याकडे पाहिलंही नाहीस. तू शिट्टी वाजवलीस. एक. अक्का म्हणाली दोन. मी म्हटलं तीन.

आणि पुढून आवाज आला, चार.

मोठा नव्हता. रुमालातून आला. पण आला, आणि वहिनी क्षणभर थांबली आणि म्हणाली पाच. मग सहा, सात, मागे मागे आकडे गेले. अक्काच्या नातवाने मोबाइलमधून मान वर न काढता जो आकडा ऐकला त्याच्या पुढचा म्हटला, अकरा. एरवी तो दहा म्हणतो. अकरा टिल्ली म्हणते. तू दुसरी शिट्टी वाजवलीस. तिकिटं बघणाऱ्या मुलीने विचारलं, तुमचे सगळे आले का? तू म्हणालास, ‘अकरा. मोजलेत.’ तिने दार लावलं.

पहिलं फाटक मागे बंद झालं, मग दुसरं उघडलं. हरणं, झेब्रे, एक शहामृग बसबरोबर पळत आलं. नंतर अस्वलं. नंतर पुन्हा दोन फाटकं आणि वाघ. तो पाण्याच्या टाकीला टेकून पडला होता, पोट वरखाली होत होतं. वहिनीने मागे हाक दिली, टिल्लीला पुढे पाठवा, इथून चांगला दिसतो. सून म्हणाली, तुमच्याकडेच आहे ना ती? वहिनी म्हणाली, माझ्याकडे कुठे?

त्यानंतरचं सगळं ओरडणं तुझ्या निवेदनात ‘वारंवार विनंती’ म्हणून आलं आहे. ठीक आहे. तू उठलास. एक हात दाराच्या कडीवर होता. बस थांबव, दार उघड, म्हणत होतास. वाघ दहा पावलांवर होता आणि त्याने मान उचलली होती.

‘दादा, खाली बस,’ ती म्हणाली. ‘दार इथे उघडत नाही.’

तू बसलास. मी तुझ्याकडे पाहत होते. परक्या माणसाच्या सांगण्यावरून तू आजवर कधी बसलेला नाहीस. तेव्हा ‘संबंधित महिला चालक’ कोण हे तुला त्या क्षणी कळलं होतं, आणि निवेदन लिहितानाही माहीत होतं.

तिने गाडी थांबवली नाही, वेग वाढवला नाही. मला विचारलं, ‘ताई, फ्रॉक कोणता?’ मी म्हटलं, पिवळा, दोन वेण्या, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. तिने ते तसंच्या तसं वायरलेसवर सांगितलं, नाडीसकट. चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं मला कोणी परत द्यायला नकोत. मग आवाज आला, पोरगी घोड्यांच्या चक्रीवर आहे, उताणी झोपली आहे, मासा दिसल्याशिवाय उतरणार नाही म्हणते.

आपण परत आलो तेव्हा ती चक्रीवाल्याच्या स्टुलावर बसली होती. तू तिच्यापाशी गेलास आणि विचारलंस, मोजणीच्या वेळी कुठे होतीस? रागानेच विचारलंस. ती म्हणाली, ‘मी म्हटलं की. शिट्टी ऐकू आली तेव्हा घोड्यावरून जोरात अकरा म्हटलं.’

तू शिट्टी गळ्यातून काढलीस आणि खिशात टाकलीस. मला वाटलं, आता दादाला कळलं. बुधवारी तुझा लिफाफा आला.

माझी चूक मी लिहिते. बसमध्ये ‘तीन’ म्हणताना मी मागे वळले नाही. पुढे वाकले, तिच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या कानापाशी तीन म्हटलं, आणि हात तसाच ठेवला. ती चुकून बोलली नाही, दादा. मी तिला आकडा दिला आणि तिने घेतला. टिल्ली मागे राहिली ती माझ्या माशामुळे, आणि मागे राहिल्याचं कळलं नाही ते माझ्या हातामुळे. त्याबद्दल मी सुनेची माफी मागितली आहे, मुलाची आणि वहिनीची मागितली आहे, तुझीही मागते. टिल्लीची मागितली तर ती म्हणाली, माशाला डोळा का नाही? पुढच्या वेळी लावीन म्हटलं.

‘चार’बद्दल मी माफी मागत नाही. वहिनीही मागणार नाही. तिने आवाज ओळखला होता. मुकाट्याने पाच म्हणाली, आणि मला म्हणाली की नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या जागेवर बसल्यासारखं वाटलं.

रविवारी संध्याकाळी तुमची गाडी गेल्यावर मी बस उभ्या करतात त्या शेडकडे गेले. धाकटी नळीने चाकं धूत होती. टोपी काढलेली, केस पांढरे झालेत, तुझ्यासारखेच कानांपासून सुरुवात. म्हणाली, ‘मी लिहून दिलंय.’

मी विचारलं, काय?

‘जे झालं ते. मी मधे बोलले म्हणून त्यांचा आकडा चुकला. आरशात पोरगी दिसली नाही, वाटलं ठेंगणी असेल, सीटमागे असेल.’

मी म्हटलं, कोणी विचारलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. असं कशाला लिहायचं?

तिने पाणी बंद केलं. म्हणाली, ‘तुला कळलं होतं. मागच्या वेळी इंजिनाचा आवाज होता. या वेळी नव्हता ना?’

दुकान बंद करायची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहीन. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे नंतर ते न लिहिता पत्र बंद करायला मला जागा राहणार नाही.


शुक्रवार, १३ नोव्हेंबर, सकाळ

दुकान उघडून तास झाला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला छत्रीचं कापड हवं होतं, मी छत्र्या करत नाही म्हणून सांगितलं. मशीनवर बसले, उठले. आता लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी तुझ्या शाळेची सहल पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर गेली होती. बेचाळीस मुलं. शाळेची बस धाकटी चालवायची. ती नोकरी तूच लावून दिली होतीस, आणि बाई बस चालवते म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांना तूच गप्प केलं होतंस. हे मी विसरलेले नाही आणि तीही विसरलेली नाही. सोबतच्या बाई आजारी पडल्या म्हणून तू मला बोलावलंस. मी चालकाच्या मागे बसले होते. माझी जागा तीच असते.

निघताना तू बसच्या पायरीवर उभं राहून शिट्टी वाजवलीस. हातात तुझी वही होती, तीत बघत होतास. आकडे आले, बेचाळीसपर्यंत आले. कोणा द्वाड पोराने दोनदा आकडा म्हटला होता, ते नंतर कळलं. धाकटी आरशात बघून म्हणाली, ‘दादा, मागून तिसरी सीट रिकामी दिसते.’ तू वहीतून मान वर केली नाहीस. म्हणालास, ‘मोजलेत मी. चल.’

आठ वर्षांचा तो मुलगा दोन तास पंपाच्या खोलीत होता. बाहेरून कडी लागलेली, आत पंप चालू. सापडला तेव्हा उलट्या बादलीवर बसला होता आणि कोणाचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं. आठवडाभर कानात घुमत राहिलं म्हणे त्याच्या. मग बरा झाला, असं आपण सगळेच सांगतो. मी त्याला नंतर पाहिलेलं नाही.

चौकशी लागली. धाकटीने त्यांना सीटबद्दल सांगितलं. तू सांगितलंस, चालक असं काही बोलली नाही. तिसरी मी होते.

चौकशीच्या आदल्या दिवशी तू या दुकानात आलास. आता मी जिथे बसले आहे, त्याच्या समोरच्या स्टुलावर बसलास. खोटं बोल असं तू म्हणाला नाहीस. ते तू कधीच म्हणणार नाहीस. कॅनव्हासचा एक तुकडा हातात घेऊन बघत बसलास आणि म्हणालास, ‘ती जुनी डिझेलची गाडी. आत काही ऐकू येत नाही, नाही?’

मी म्हटलं, नाही.

तू तुकडा खाली ठेवलास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी चौकशी समितीच्या तिघांसमोर मी तेच सांगितलं. इंजिनाचा आवाज होता. मला ऐकू आलं नाही. हेडमास्तरांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. धाकटी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

तुला ताकीदही मिळाली नाही. तिची नोकरी गेली, आणि भावावर खोटा आळ घेतला म्हणून घरही गेलं. पुढच्या महिन्यात ते लग्न होतं, आणि तू वहिनीला चार केलंस.

मला ऐकू आलं होतं, दादा. इंजिन तेव्हा सुरूसुद्धा नव्हतं.

दर महिन्याच्या त्या मंगळवारी ती येते, रिंगा ठोकते, आणि नऊ वर्षांत तिने हा विषय काढला नाही. मी समजत होते, ती विसरली किंवा तिने मला माफ केलं. रविवारी कळलं की ती वाट बघत होती. माझ्या बोलण्याची.

म्हणून आता मी तुला काही विचारत नाही, फक्त कळवते. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल. सोमवारी अकरा वाजता मी व्यवस्थापकांसमोर बसेन आणि लिहून देईन की मोजणी करणाऱ्याने माणसं पाहिली नाहीत, आकडे ऐकले. चालकाला मधे बोलायला मी लावलं. वाघाच्या आवारात दार उघडलं नाही म्हणून आज आपण सगळे आहोत, तूही. तिला ते ठेवतील की काढतील, मला माहीत नाही. चूक तिचीही आहे आणि ती तिने कबूल केली आहे. काढलं, तर या दुकानात दुसरी मशीन आहे. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते.

दुसरा कागद तुझ्या शाळेला जाईल. हेडमास्तर बदलले, पण चौकशीचे कागद कपाटात असतातच. त्यांत माझी साक्ष खोटी होती एवढं मी कळवणार आहे. तुला आता कोणी काही करणार नाही. फार तर त्या फाइलमध्ये दोन ओळी वाढतील. गावभर तुझ्या शिस्तीचं नाव आहे, त्याला बट्टा लागेल असं तुला वाटेल. लागू दे. तिच्या नावाला नऊ वर्षं लागलेला आहे, आणि तो तू नि मी मिळून लावला.

तू रागावशील. पत्र फाडशील. अक्काला सांगशील की माझं डोकं फिरलं आहे, आणि अक्का म्हणेल, तिचं ते आधीपासूनच फिरलेलं आहे. पुढच्या समारंभाला तू मला बोलावणार नाहीस, आणि दारात उभा राहून अक्कानंतर वहिनीला तीन म्हणायला सांगशील. सांगून बघ. ती म्हणणार नाही, तिने मला तसं सांगितलं आहे. मग भावजींना सांगशील. ते म्हणतीलही, ते बिचारे काहीही म्हणतात. अशाने एक दिवस तू एकटाच उरशील, आणि तुझी मोजणी बरोबर येईल.

मी तुझ्यावर चिडून हे लिहीत नाही, असं म्हणणार होते. ते खरं नाही. चिडलेली आहे. पण ज्या मुलाने चौदाव्या वर्षी तासभर टेबलांखाली वाकून वाकून मला शोधलं, त्याची मी बहीण आहे. तू त्या दिवशी आकडे मोजत नव्हतास. प्रत्येक टेबलाचं कापड उचलून बघत होतास. तू वाकून आत बघितलंस, तो चेहरा मला अजून आठवतो. नंतर तू शिट्टी विकत घेतलीस, आणि मग बघायचं बंद केलंस.

निवेदन परत पाठवत नाही. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर शाळेच्या छताचा आराखडा काढला. कागद चांगला आहे.

लिफाफा मात्र तुझाच वापरते, तिकीट लावलेलंच आहे. आत बारावा पास आहे. फाडलेला नाही, महिनाअखेरपर्यंत चालतो. एकट्याने यायचं असेल तर ये. तिला ठेवलं, तर साडेतीनची बस तिचीच असेल. काढलं, तर ती इथे, दुसऱ्या मशीनवर असेल, आणि त्या स्टुलावर जागा असते.

शिट्टी आणायची असेल तर आण. पण मान वर करून मोज. आणि मी माझा आकडा म्हटल्यावर थोडं थांब.

तुझी बहीण,
तीन.
माझ्यानंतर चार.